मनगट केव्हा सोडावे

नागपूरला जाऊन आलो असे सांगितले की पुण्यातली माणसे पहिल्यांदा विचारतात, संत्री आणली का. संत्री आणली होती. ती वाटून संपली. जे आणले आणि वाटता येत नाही, त्याविषयी हे लिहीत आहे. ज्यांनी नागपूर पाहिलेले नाही त्यांना त्या गावाची थोडी ओळख व्हावी अशी माझी इच्छा आहे. वाटेत माझीच ओळख अधिक होईल, याची कल्पना मात्र आधीच देऊन ठेवतो.

मी कुस्ती, लाठी आणि स्वसंरक्षण या विषयांवर पुस्तके लिहितो. तरुणपणी तालमीच्या मातीत अंग मळवले, पुढे व्यायामशाळेत शिकवले, आणि जे शिकवले ते लिहून काढले. या विषयांवर मराठीत लिहिणारे थोडे. कित्येक वर्षे असे होते की पकडीतून हात सोडवण्याची युक्ती कोणाला पुस्तकातून शिकायची असेल, तर त्याला माझ्याकडेच यावे लागे. मग नागपूरहून मारोतराव लांजेवारांची पुस्तके येऊ लागली. ते तिकडच्या एका शाळेत कवायतीचे शिक्षक होते. ते कुस्तीवर लिहीत, काठीवर लिहीत, आणि रानात वाट चुकली, पाणी संपले, पुरात सापडलो तर जीव कसा राखावा यावरही लिहीत. त्यांची भाषा ओबडधोबड होती. त्यांची पुस्तके माझ्या पुस्तकांपेक्षा अधिक वाचली जात.

यंदा आमच्या प्रकाशकांनी मला बोलावले आणि लांजेवारांच्या नव्या पुस्तकाचे हस्तलिखित माझ्या हातात ठेवले. माझ्या जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मी वाट पाहत होतो, हे त्यांना ठाऊक होते. ते संकोचून म्हणाले की या विषयावर सध्या एकच पुस्तक काढणे त्यांना शक्य आहे. लांजेवारांचे वाचावे, त्यांना भेटून यावे, आणि कोणते काढावे ते मीच सांगावे. माझ्याइतका निःपक्षपाती माणूस त्यांच्या ओळखीत दुसरा नाही. आपल्याला कोणी निःपक्षपाती म्हटले की तसे वागणे भाग पडते, आणि त्याच क्षणी तसे वागण्याची इच्छा संपते. निदान माझी संपली.

हस्तलिखित मी दोनदा वाचले; पहिल्यांदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा चूक शोधण्यासाठी. चूक सापडली. मनगट पिरगाळून माणसाला पाडण्याचा एक डाव सांगताना लांजेवारांनी लिहिले होते, ‘प्रतिस्पर्धी पडून राहिला की मनगट सोडावे.’ आता, समोरचा जमिनीवर पडून राहीपर्यंत मनगट धरून ठेवले, तर त्याच्या सगळ्या देहाचा भार पिरगळलेल्या खांद्यावर येणार आणि खांदा निखळणार. मनगट त्याआधी, तो हवेत असतानाच सुटले पाहिजे. नवशिक्यांच्या पुस्तकात असले वाक्य धोक्याचे. मी प्रकाशकांना तसे सांगितले, आणि सांगताना आवाज जितका खेदाचा ठेवता येईल तितका ठेवला. ते काळजीत पडले. भेटून या, मग ठरवू, असे म्हणाले. फाल्गुनात मी नागपूरच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या सामानात त्या एका वाक्याइतके मोलाचे काही नव्हते.

सक्करदरा

लांजेवार स्टेशनवर आले होते. बुटके, रुंद, कुस्तीत कान मोडलेले, आणि आवाज असा की फलाटावरच्या माणसांनी वळून पाहावे. माझी ट्रंक त्यांनी मला न विचारता खांद्यावर घेतली; मी ‘नको’ म्हणण्याआधीच ती तिथे होती.

“नावच गोडबोले तुमचं,” ते चालता चालता म्हणाले. “मंग लोकाईले पाडता कसे जी? गोड बोलून?”

सायकलरिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोलत होता, लांजेवारांशी मराठीत, आणि समोर आलेल्या बैलबंडीशी दोन्ही भाषांत. आमच्याकडे वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाशी माणूस कामापुरते बोलतो. इथे तो आधी बोलतो आणि काम असेल तर नंतर सांगतो. रस्ते रुंद होते, झाडे मोठी होती, आणि सकाळीच उन्हाला धार आली होती.

त्यांचे घर सक्करदऱ्याला, तळ्यापासून जवळ. कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, बसके घर, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई अंगाने किरकोळ, हालचालीने चपळ, आणि समोरच्याकडे पापणी न हलवता पाहणाऱ्या. पहिल्याच जेवणाला त्यांनी वडाभात केला होता. मिश्र डाळींचे वडे भातात कुस्करायचे आणि त्यावर हिंग, मोहरी, लाल मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी ओतायची. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत असताना बाईंनी विचारले, “सांबार टाकू काय जी थोडा?” तिखट उतरवायला पातळ काही मिळेल या आशेने मी ताट पुढे केले. त्यांनी भातावर चिरलेल्या कोथिंबिरीची मूठ सोडली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

लांजेवार ठसका लागेपर्यंत हसले. “काढ वं ते. पुण्याचे लोक पाला नाही खात.”

माझी पुस्तके माझ्या घरी काचेच्या कपाटात असतात. लांजेवारांची पुस्तके मला त्यांच्या स्वयंपाकघरात दिसली, मिठाच्या बरणीशेजारी. एकाच्या पानांना हळद लागलेली होती. कोणी भाजले, कोणाला विंचू चावला, की शेजारणी येतात आणि ते पुस्तक मागतात, असे बाईंनी सांगितले. सांगण्यात अभिमान नव्हता, तक्रारच होती. नेलेले पुस्तक लवकर परत येत नाही. मी त्या हळदीच्या डागाकडे जितका वेळ पाहिले, तितका वेळ पाहुण्याने यजमानाच्या वस्तूकडे पाहू नये.

संध्याकाळी रमेश आला. हा लांजेवारांचा शागीर्द, तिशी ओलांडलेला, हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरीला. पाळी संपवून तो मोटारसायकलवर थेट आखाड्यात येई आणि तिथून गुरूच्या घरी. गेल्या पावसाळ्यात नाल्याच्या लोंढ्यात तो वाहून गेला होता. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पाण्याशी झटापट न करता पाय पुढे ठेवून उताणा वाहत राहिला, आणि वळणावर काठाला लागला. ही हकिकत त्याने माझ्यासाठी पुन्हा सांगितली, लांजेवार मध्येच त्याचे तपशील दुरुस्त करत होते, जणू पुरात तेही होते. पुस्तक वाचून माणूस वाचला. आपल्या भाषेने या दोन गोष्टींना एकच शब्द का दिला असावा, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. माझे पुस्तक वाचल्याचे मला पुष्कळांनी सांगितले आहे. त्यामुळे वाचल्याचे कोणी सांगितलेले नाही.

“तुमीबी लिहिता काय जी काही?” रमेशने मला विचारले.

लांजेवार त्याच्यावर खेकसले. “अबे, हे गोडबोलेजी होत. यायच्या पुस्तकावरून तं मी लाठी शिकलो. गुरूचे गुरू म्हण.”

रमेश लगेच उठून माझ्या पाया पडला. एखाद्याचे मन एवढ्याने भरले असते. मी मात्र असे मोजत बसलो की माझ्या पुस्तकातून शिकलेला माणूस माझ्याहून पुढे गेला, आणि हे तो इतक्या आनंदाने सांगतो की त्यात मला बोट ठेवता येईल असे काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मोलाची वस्तू माझ्या हातून गेली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून चहा घेत होतो. शेजारी लाकडी घडवंचीवर पाण्याने भरलेला पितळी गुंड होता. बाईंचे दोन्ही हात कणकेत होते. त्या एकदम म्हणाल्या, “गोडबोलेजी, गुंड पडून राहिला, धरा.”

मी जमिनीकडे पाहिले. गुंड पडून राहिला म्हणजे कुठेतरी खाली पडलेला असणार. खाली काही नव्हते. मी पाटामागे पाहिले, आणि तेवढ्यात गुंड घडवंचीवरून माझ्या शेजारी कोसळला. चहा, धोतर, पाट, सगळे पाण्यात. गुंडाला मोठा पोचा आला.

“अवो, मी सांगून राहिली,” बाई म्हणाल्या, “अन् तुमी पाह्यत बसले.”

नागपूरकडचे लोक ‘येतो आहे’ म्हणायचे तिथे ‘येऊन राहिलो’ म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्याला हसतही आलो आहे. पण ते बोलण्यातले. छापील वळणाच्या वाक्यात, ‘प्रतिस्पर्धी’ आणि ‘सोडावे’ या दोन भारदस्त शब्दांच्या मध्ये, तेच बोलणे निमूट बसलेले असेल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. गुंड पडून राहिला म्हणजे गुंड पडतो आहे. प्रतिस्पर्धी पडून राहिला म्हणजे प्रतिस्पर्धी पडतो आहे. तो पडत असतानाच मनगट सोडावे. लांजेवारांचे वाक्य बरोबर होते. चूक माझ्या वाचण्यात होती. ते वाक्य पुणेकर वाचकासाठी बदलायला हवे, एवढेच.

हे मी तिथेच लांजेवारांना सांगायला हवे होते. ते अंगणात दात घासत होते, हाकेच्या अंतरावर. मी धोतर बदलायला आतल्या खोलीत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. त्या दिवशी आम्ही रानात जाणार होतो. रानातून आल्यावर सांगू, असे मी ठरवले.

उमरेडच्या रस्त्याला

एस.टी.ने आम्ही उमरेडच्या रस्त्याला लागलो आणि एका आडबाजूच्या थांब्यावर उतरलो. पळस पेटलेला होता. आमच्या घाटात रान हिरवे आणि दाट. इथे ते मोकळे, कोरडे, पायाखाली पाचोळ्याचा आवाज, आणि वर पान नसलेल्या फांद्यांवर नुसती केशरी फुले. मोहाची फुले नुकतीच गळू लागली होती. लांजेवारांनी एक उचलून माझ्या हातावर ठेवले. फुगीर, फिकट, चवीला गोड, आणि गोडाच्या मागून एक विचित्र उग्र वास.

ते बोलत होते आणि दाखवत होते. कोरड्या नाल्याच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला, त्यांनी काठीने वाळू उकरली, हाताने खड्डा खोल केला, आणि आम्ही सावलीत बसलो. हळूहळू तळाशी पाणी झिरपले. पहिले गढूळ पाणी त्यांनी उपसून टाकले, दुसरे पळसाच्या पानाच्या द्रोणात धरून मला दिले. पाणी गार होते. मी ‘वा’ म्हणालो. जितका मनापासून म्हणायला हवा तितका तो ‘वा’ नव्हता, आणि त्यांना ते कळले नाही. किंवा कळूनही त्यांनी सोडून दिले.

परतताना ते चुकले. सूर्य कोणत्या बाजूला हवा आणि कोणत्या बाजूला आहे हे मला दिसत होते, आणि रस्त्याकडे पाठ करून आम्ही चाललो आहोत हेही दिसत होते. मी बोललो नाही. वाट चुकल्यास काय करावे याचे पुस्तक लिहिणारा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाट चुकत होता, आणि तहान लागलेली असूनही मला असे वाटत होते की हे चालणे आणखी थोडे लांबावे.

लांजेवार थांबले. इकडेतिकडे पाहिले. “चुकलो जी,” म्हणाले, आणि हसू लागले.

हा शब्द मी आयुष्यात किती वेळा आणि किती मोठी प्रस्तावना जोडून उच्चारला असेन, ते आठवत राहिलो. पुढे मोहाखाली फुले वेचणारी एक म्हातारी भेटली. आम्हाला पाहून ती टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली.

“लांजेवार मास्तर, मागच्या सालीबी इथंच चुकले होते तुमी.”

“म्हणून तं इथं येतो ना माय. पक्कं होऊन राहिलं.”

“पुस्तकात लिवा आता,” ती म्हणाली, “मोहाखालच्या बुढीले विचारा म्हणून.”

“लिवलं हाय,” लांजेवार म्हणाले, आणि ते खरेच होते. हस्तलिखितात ते वाक्य होते. चुकल्यास आधी माणूस शोधावा, त्याला विचारण्याची लाज धरू नये. मी ते वाचले होते आणि शास्त्रशुद्ध नाही म्हणून बाजूला नोंदवले होते.

बसमध्ये ते माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपले. गुंडाची आणि वाक्याची गोष्ट मी तेव्हाही सांगितली नाही.

आखाडा

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला तळ्याजवळच्या आखाड्यात घेऊन गेले. तांबडी माती, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारोती, निंबाची सावली. सात-आठ माणसे जमली होती, त्यांत रमेश होता. लांजेवारांनी माझी ओळख करून दिली. आपल्याकडून शिकून सगळे बिघडले आहेत, आता मूळच्या माणसाकडून शिका, असे सांगितले, आणि नव्या पुस्तकातला मनगटाचा तो डाव मी करून दाखवावा अशी गळ घातली. प्रतिस्पर्धी म्हणून ते स्वतः उभे राहिले.

मी वयाचे कारण पुढे केले.

“तुमच्या वयाचा विचार करू नोका जी,” ते म्हणाले. “माह्या वयाचा करा.” सगळे हसले, आणि त्यांनी मनगट माझ्या हातात दिले.

कित्येक वर्षांत मी मातीत उतरलो नव्हतो. पण शरीर विसरत नाही. मी मनगट पिरगाळले, त्यांच्या काखेखालून वळलो, त्यांचा भार माझ्या पाठीवर आला आणि पुढे कलला. डाव चोख बसला होता. ते माझ्या अंगावरून पुढे जात असताना कडेवरून रमेशचा आवाज आला, “पडून राहिला, सोडा. सोडा.”

त्या क्षणाचे वर्णन मी अनेकदा मनात करून पाहिले आहे. एवढ्या थोड्या वेळात माणूस विचार करत नाही, म्हणून मी विचार केला असे म्हणणार नाही. मात्र बोटांची आठवण मला स्वच्छ आहे. ती उघडायची होती. ती आवळली गेली.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. लांजेवार मातीत आपटले, उठून बसले, आणि खांद्यापासून लोंबणाऱ्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे पाहू लागले. चेहरा पांढरा पडला होता.

“मायच्यान, गोडबोलेजी,” ते दात आवळून म्हणाले. “बोटं हायेत का सांडशी?”

रिक्षाने आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला, हात गळ्यात बांधला, आणि बरेच आठवडे हलवू नका म्हणून बजावले. परतीच्या वाटेवर मी क्षमा मागू लागलो, तर त्यांनी चांगल्या हाताने माझा गुडघा दाबला.

“तुमची काही चूक नाही. माह्या वाक्याची चूक हाय. पडून राहिला म्हंजे आमी पडते हाय असं समजतो. पुण्याचा मानूस लोळून राहिला असं समजन. रमेशबी तेच वरडला. तुमी वाट पाह्यत बसले, तो लोळते केव्हा म्हणून.” थोडे थांबून ते म्हणाले, “बरं झालं आपल्या दोघांत झालं. पुस्तक छापून आलं असतं तं किती पोट्ट्याईचे खांदे गेले असते. प्रस्तावनेत तुमचे आभार मानतो मी.”

मी स्वतःसाठी एखादी सबब शोधण्याआधीच त्यांनी ती तयार करून माझ्या हाती ठेवली होती. ती अगदी माझ्या मापाची होती. गप्प राहून मी ती स्वीकारली.

त्या संध्याकाळी ते औषधाच्या गुंगीत झोपले होते. मी अंगणात बसलो होतो. कौसल्याबाई तांदूळ निवडत समोर बसल्या. मग सुपातून नजर न काढता त्यांनी विचारले, “काहून नाही सोडला हात?”

मी लांजेवारांची सबब सांगितली. माझी भाषा नेहमीप्रमाणे व्यवस्थित होती. तुमच्याकडे क्रियापद असे चालते, आमच्याकडे तसे. ‘पडून राहिला’ याचा आमच्याकडे अर्थ पडण्याची क्रिया पूर्ण झाल्यानंतरचा. त्यामुळे घोटाळा झाला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. “हे यायनंबी सांगतलं मले,” त्या म्हणाल्या. “पण रमेश म्हणे, त्यानं दोनदा सोडा म्हटलं.” आता त्यांनी वर पाहिले. “सोडा तं तुमच्या पुण्यातही सोडाच असते ना जी?”

उत्तराची वाट न पाहता सूप घेऊन त्या आत गेल्या. रात्री मला वाढले ते नेहमीसारखेच वाढले, फक्त आणखी हवे का, असे विचारले नाही. त्या घरात हे किती मोठे आहे हे जो तिथे जेवला आहे त्यालाच कळेल.

निघताना

परतण्याच्या दिवशी सकाळी लांजेवारांनी मी सोबत आणलेले हस्तलिखित मागितले. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात गळ्यात, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ते वाक्य खोडून त्यांनी मला नवे सांगितले आणि मी त्यांच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिले : ‘प्रतिस्पर्धी पडत असतानाच मनगट सोडावे.’

“आता समजन पुण्याले?”

“समजेल,” मी म्हणालो.

ते प्रस्तावनेतल्या आभारांचा मजकूर सांगू लागले. माझ्या नावाआधी त्यांना चार विशेषणे घालायची होती. आत पोळपाटावर लाटणे फिरत होते. मी पहिले विशेषण लिहिले नाही. पान उलटून पुन्हा मनगटाच्या डावावर आलो, नव्या वाक्याखाली आणखी एक वाक्य लिहिले, आणि ते मोठ्याने वाचून दाखवले. मोठ्याने म्हणजे माझा आवाज चढतो तितक्या.

“‘सोडा’ असे ऐकूनही जो सोडत नाही, त्याला शब्द कळला नाही असे मानू नये, त्याच्याबरोबर पुन्हा सराव करू नये.”

आतले लाटणे थांबले.

लांजेवारांनी मला ते पुन्हा वाचायला लावले. मग डाव्या हाताने पान ओढून घेऊन त्यांनी ते स्वतः वाचले.

“हे माह्यं वाक्य नोहे,” ते म्हणाले.

“नाही. माझे आहे.”

“तुमाले समजलं होतं.”

“हो. आदल्याच दिवशी समजले होते. गुंड पडला तेव्हा.”

“मंग काहून?”

मी म्हणालो, “मला तुमचा हेवा वाटत होता.” सरावाने बांधलेली एवढी वाक्ये आयुष्यभर लिहिली, पण हे वाक्य मला बांधता आले नाही. ते जसे होते तसेच बाहेर पडले. प्रकाशकांकडे एकाच पुस्तकाला जागा आहे, त्यांच्या वाक्यात गंभीर चूक आहे असे मी सांगून आलो आहे, तेही मी त्यांना सांगितले.

त्यांनी मला दिलासा दिला नाही. माझ्या नावावरून नेहमीचे विनोदही केले नाहीत. एवढेच म्हणाले, “मी तं तुमच्या हातात हात देला होता जी.” त्यात राग नव्हता, असता तर मला सोपे गेले असते. ते एक साधे विधान होते आणि मला त्यात दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.

मी ते वाक्य खोडू का, असे विचारले.

“खोडू नोका. चांगलं हाय. पोट्ट्याईच्या कामाचं हाय.” ते जरा सरकून बसले, तशी खांद्यात कळ उठली. “पण दुसऱ्याचं वाक्य मी माह्या नावावर नाही चालवत. खाली तुमचं नाव टाका.”

मी नाव टाकले. आभारांचा मजकूर त्यांनी पुन्हा काढला नाही.

कौसल्याबाईंनी शिदोरी बांधून दिली, आणि सोबत संत्र्यांची पिशवी. “पोहोचले की कळवा,” असे त्या म्हणाल्या नाहीत. दाराशी मी रेंगाळलो, आणखी काही बोलावे असे वाटले, तेव्हा आतून लांजेवार म्हणाले, “गाडीची वेळ होऊन राहिली.” याचा अर्थ विचारण्याची आता मला गरज नव्हती. रमेश स्टेशनवर पोहोचवायला आला. त्याने माझी ट्रंक डब्यात चढवली आणि पाया न पडता निघून गेला.

पुण्यात आल्यावर मी प्रकाशकांना सांगितले की लांजेवारांचे पुस्तक काढावे. चूक त्यांच्या वाक्यात नव्हती, माझ्या वाचनात होती. माझ्या आवृत्तीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. हस्तलिखित चाळताना ते त्या पानाशी थांबले. सबंध पुस्तकात हे वाक्य फार नेमके उतरले आहे, असे म्हणाले. मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, चांगलाच आनंद झाला. आणि लांजेवारांच्या पुस्तकात सगळ्यांत नेमके वाक्य माझे आहे, हे त्यांच्या तोंडून आणखी एकदा ऐकावे असेही वाटले.

मग त्यांचे लक्ष खालच्या नावाकडे गेले. त्यांनी चष्मा काढून विचारले, हे तुम्हाला सुचले कसे? तोंडी नको, लिहून देतो, म्हणालो.